तूप, लोणी, दही वगळून ऑर्डर देताना

दूध-दुभतं सोडल्यावर घरचं जेवण लवकर मार्गी लागलं. शेंगदाणा तेल, दाण्याचं कूट, ओलं खोबरं आमच्या स्वयंपाकात होतंच. खरा प्रश्न आला बाहेर जेवायचा. पुण्यात ‘प्युअर व्हेज’ची पाटी जागोजागी दिसते, पण तिच्यात तूप, दही, पनीर सगळं बसतं. एफएसएसएआय या केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२२ मध्ये व्हीगन, म्हणजे प्राण्यांपासून मिळणारं काहीच नसलेल्या, अन्नाचे नियम आणले, हिरव्या ‘व्ही’चं चिन्हही आलं, ते दिसतं पाकिटावर. ताटात काय आहे ते आपणच विचारायचं.

परवा भावाच्या वाढदिवसाला सगळे एका नेहमीच्या फॅमिली रेस्टॉरंटमध्ये गेलो. पंजाबी, साउथ इंडियन, चायनीज असं सगळं एका मेनू कार्डात. वेटरदादांना ‘व्हीगन’ म्हटलं तर ते म्हणाले, “जैन का ताई?” मी सांगितलं, “कांदा-लसूण चालतो. दूध, दही, तूप, लोणी, चीज, पनीर, क्रीम आणि मध नको.” अशी नावं घेऊन सांगितलं की किचनपर्यंत निरोप नीट पोचतो.

पंजाबी भाज्यांची ग्रेव्ही बहुतेक ठिकाणी आधीच करून ठेवलेली असते. पांढऱ्या ग्रेव्हीत काजूबरोबर अनेकदा खवा किंवा क्रीम असतं, मखनीत लोणी. ते नंतर काढता येत नाही. म्हणून ऑर्डरनंतर कढईत होणारं मागवायचं: आलू जिरा, कोरडी भेंडी. डाळीचं विचारायला दादा आत जाऊन आले आणि म्हणाले, “तडका तुपाचा असतो, पण साधी डाळ काढून तेलाची फोडणी देतो.” मला फार बरं वाटलं. त्या माणसाने गर्दीच्या वेळी माझ्यासाठी एक फेरी जास्त मारली होती.

नान मी मागवतच नाही, पिठात दही किंवा दूध असतं. तंदुरी रोटी सांगितली, तिच्या पिठात दूध नसल्याचं विचारून घेतलं; तरी आली ती बटर लावूनच. हाताच्या सवयीने लागतं ते. न रागावता परत दिली, दुसरी कोरडी आली. जिरा राइसऐवजी साधा भात घेतला.

साउथ इंडियन पानावर साधा डोसा तेलावर करून मिळतो. रवा डोशात बरेचदा ताक असतं, खोबऱ्याच्या चटणीत कधीकधी दही. दोन्ही विचारायचं.

माझ्या मते मात्र सगळ्यात निश्चिंत जेवण आपल्या खानावळीत आणि मिसळीच्या गाड्यावर. मटकीची उसळ, कट, फरसाण, कांदा, लिंबू. दही तेवढं नको म्हणायचं, आणि पावात दूध आहे का ते विचारायचं. ज्वारीची भाकरी, भरली वांगी, ठेचा तर मुळातच व्हीगन! पिठलं ताकातलं नाही ना, एवढं बघायचं, आणि थालीपिठावरचा लोण्याचा गोळा आधीच नको म्हणून सांगायचा. कोकणी हॉटेलात सोलकढी नारळाच्या दुधाची असते, तीही मी मनसोक्त पिते.

मोठ्या घोळक्याने जायचं असेल तर मी आधी फोन करते, दुपारची गर्दी ओसरल्यावर. तेव्हा गल्ल्यावरचा माणूस आचाऱ्याला विचारून नीट उत्तर देतो.