रेडिएशननंतरचं कोरडं तोंड: माझा अनुभव

जिभेच्या कॅन्सरसाठी रेडिएशन घेतलं आणि तोंडाला कोरड पडली. उपचार संपून बरेच महिने झाले तरी ती पुरती गेलेली नाही. कानांपुढच्या आणि जबड्याखालच्या लाळग्रंथी किरणांच्या वाटेत येतात. एरवी तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ सुटते. ती आटल्यावर रात्री जीभ टाळूला चिकटून जाग येते आणि भाकरीचा घास नुसता तोंडात घोळत राहतो.

लाळ सुटण्याच्या गोळ्यांनी मला दरदरून घाम फुटायचा. त्या डॉक्टरांना विचारून थांबवल्या.

पाणी गटागटा पिऊन उपयोग होत नाही. बाटली जवळ ठेवून घोट घोट घ्यायचं, जरा घोळवून गिळायचं. पेलाभर कोमट पाण्यात पाव चमचा मीठ, पाव चमचा खायचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरते. चिकट, तारेसारखी लाळ त्याने मोकळी होऊन निघून जाते. पुण्याचा उन्हाळा कोरडा, त्यात पंखा थेट तोंडावर आला की घसा सुकतो. एसीपेक्षा पाण्याचा कूलर मला बरा वाटतो.

भाकरी आमटीत कुस्करून, नाहीतर मुगाची पातळ खिचडी तूप घालून. चिवडा, बाकरवडी सध्या नाही. मिरची तर झोंबतेच.

पण खरी काळजी दातांची. सासूबाई मायेने खडीसाखर पुढे करायच्या, "ठेव गं जिभेवर, पाणी सुटेल." कुणी लिंबू चोखायला सांगायचं. लाळ दातांवरचं आम्ल धुऊन टाकते. ती नसताना साखर आणि आंबट दोन्ही दात खातात, कीड हिरडीलगत भराभर पसरते. मी झायलिटॉलचं बिनसाखरेचं च्युइंगम चघळते, उरलीसुरली लाळ त्याने सुटते. डेंटिस्टनी जास्त फ्लोराइडची पेस्ट दिली आहे. ती रात्री लावून फक्त थुंकायची, चूळ भरायची नाही. अल्कोहोलचा माउथवॉश त्यांनी बंद करायला लावला, तो तोंड आणखी सुकवतो.

आणि एक गोष्ट प्रत्येक पेशंटला कळायलाच हवी. रेडिएशन होऊन कितीही वर्षं झाली असली, तरी दात काढण्याआधी डेंटिस्टला ते सांगा आणि कॅन्सरच्या डॉक्टरांशी त्यांचं बोलणं करून द्या. त्या जबड्याच्या हाडाचा रक्तपुरवठा कमी झालेला असतो, जखम भरून न येता हाड उघडं पडू शकतं.