पन्नाशीनंतर वजन उतरवताना स्नायू सांभाळा

नुसतं जेवण कमी केलं की काटा खाली येतो, पण चरबीबरोबर स्नायूही जातात. मग जिना चढताना पाय भरून येतात. म्हणून काट्यापेक्षा टेपवर भरवसा ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून कमरेचा घेर मोजा. भारतीयांसाठी मर्यादा पुरुषांना 90 सेंमी, स्त्रियांना 80.

प्रथिनं रोज शरीराच्या वजनाच्या किलोमागे साधारण 1 ग्रॅम हवीत. पोहे-चहाच्या न्याहारीत ती फारच थोडी, साबुदाण्यात जवळजवळ नाहीतच. एका अंड्यात 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये सुमारे 18. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावं.

चालणं उत्तमच, पण ते पुरत नाही. भक्कम खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर दुमडा, उठा, आणि 3 सेकंद घेत सावकाश बसा. 8 ते 10 वेळा, असे 3 फेरे, दिवसाआड. धपकन बसलात तर निम्मा व्यायाम वाया जातो. गुडघे आत वळू देऊ नका. उठताना श्वास सोडा. रोखला तर रक्तदाब चढतो.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी औषधाची मात्रा डॉक्टरांकडून तपासून घेतल्याशिवाय जेवण कमी करू नये. साखर एकदम उतरते.