मंगेश, मंगेशी, मंगेशकर

मंगेशकर हे आडनाव इतके परिचयाचे आहे की त्याची फोड करून पाहावी असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. ‘कर’ म्हणजे अमुक गावचा, हे प्रत्येक मराठी माणूस जाणतो. परंतु येथे ‘कर’ बाजूला काढल्यावर हाती गावाचे नाव लागत नाही, देवाचे लागते. गाव मंगेशी, गोव्याच्या फोंडा तालुक्यात प्रियोळजवळ, देव मंगेश, आणि आडनाव या दोहोंच्या मधे कोठेतरी उभे आहे.

देवाच्या नावाची एक कथा सांगतात. वाघाचे रूप घेतलेल्या शंकराला पाहून भ्यालेल्या पार्वतीने ‘त्राहि मां गिरीश’ असा धावा केला, त्यातले ‘मां गिरीश’ एकत्र होऊन मांगिरीश झाले आणि पुढे मंगेश. दुसरी परंपरा भागीरथीकाठच्या मांगिरीश पर्वताकडे बोट दाखवते. पहिली कथा गोड असली तरी मला ती नावामागून रचलेली वाटते; लोकांना अर्थ हवा असतो, आणि तो मिळेपर्यंत ते थांबत नाहीत.

गावाचे नाव मात्र कथेवर अवलंबून नाही. मूळ देवस्थान झुआरीच्या दक्षिण तीरावरील कुशस्थळीस, म्हणजे आजच्या कुठ्ठाळीस होते. पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागल्यावर 1560 साली भाविकांनी तेथील लिंग नदीपलीकडे, तेव्हा आदिलशाहीत असलेल्या फोंडा भागात आणले. देव आला आणि त्याच्यावरून वस्तीला मंगेशी हे नाव पडले. पुष्कळ ठिकाणी ग्रामदेवता गावाच्या नावाने ओळखली जाते. येथे क्रम उलटा आहे.

आता ‘मंगेशीकर’ का झाले नाही, हा प्रश्न उरतो. मराठीत ‘कर’ लागताना शेवटचा स्वर कधी गळतो, कधी टिकतो: बोरीचा बोरकर, केरीचा केरकर, साताऱ्याचा सातारकर, उलट पुण्याचा पुणेकर आणि पेडण्याचा पेडणेकर. याला पक्का नियम सांगता येईल असे मला वाटत नाही. मंगेशीच्या बाबतीत शेवटचा ‘ई’ हा मुळातच देवाच्या नावाला जोडलेला असल्यामुळे तो निघून जाणे अधिक सोपे गेले असावे.

मास्टर दीनानाथांचा जन्म 1900 साली याच गावी झाला. त्यांचे वडील गणेशभट्ट हे देवळात अभिषेक करणारे पुजारी. त्यांच्या घराण्याचे आडनाव हर्डीकर, आणि अभिषेकाच्या कामामुळे अभिषेकी असेही म्हटले जाई. (हर्डीकर हेही घडणीने ‘कर’आडनावच, आणि त्यात ‘ई’ शाबूत आहे.) दीनानाथांनी वडिलांचे आडनाव न लावता गावाचे लावले. आई येसूबाई देवळाच्या सेवेतल्या कलावंत घराण्यातल्या होत्या, हे ध्यानात घेतले तर या निवडीचे वजन कळते: घराण्याचे नाव वारशाने यावे लागते, गावाचे नाव तेथे जन्मलेल्या कोणालाही लावता येते. त्यांची थोरली कन्या लता 1929 साली इंदूरला जन्मली, पुढे कुटुंब सांगलीत, कोल्हापुरात आणि मुंबईत राहिले, आणि तरीही आडनाव त्या एका गोमंतकीय गावाचे राहिले.

उच्चाराची अडचण देवनागरीत नाही. अनुस्वारापुढे ‘ग’ असल्यामुळे तो ‘ङ्’सारखा उमटतो, आणि ‘श’ व ‘क’ यांच्यामध्ये स्वर न घेता ‘मंगेश्-कर’ असे म्हटले जाते. घोटाळा रोमन लिपीत होतो. गोव्यातील पाट्यांवर मंगेशी लिहिताना ‘जी’ आणि ‘ई’ यांच्यामध्ये ‘यू’ घातलेला दिसतो, आणि परका प्रवासी तो वाचून ‘मंग्वेशी’ म्हणू शकतो. तो ‘यू’ उच्चारायचा नसतो. पोर्तुगीज लेखनात ‘ई’ या रोमन अक्षरापूर्वीचा ‘जी’ कठोर, म्हणजे ‘ग’सारखा, ठेवण्यासाठी तो येतो. कुठ्ठाळीचे ‘कोर्तालीं’ झाले तेही त्याच लिपीतून.

बोलताना एवढे सांभाळावे: जायचे ते मंगेशीला, आणि दर्शन घ्यायचे ते मंगेशाचे. ‘मंगेशी देव’ हा प्रयोग अलीकडे फार ऐकू येतो, आणि पहिल्यांदा येणारे काहीजण तर नावातल्या ‘ई’मुळे तेथे देवी असेल असे समजून येतात, गाभाऱ्यात मात्र शिवलिंग आहे.