मस्टँग १९६६: ‘जीटी’ची अक्षरं उतरवली, गाडी विक्रीला लावली

मंडळी, मागच्या वेळी लिहिलं तेव्हा गाडीचं बॉनेट, दोन्ही मडगार्ड आणि वायपर जमिनीवर पडलेले होते. आता गाडी स्वतःच्या चाकांवर उभी आहे, रोज सुरू होते, आणि रविवारी तिची जाहिरातही टाकली.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. गाडी फोर्डची मस्टँग आहे. तिचा कारखान्याने दिलेला नंबर ६टी०७सी असा सुरू होतो. ६ म्हणजे १९६६, टी म्हणजे मेटाचन कारखाना, ०७ म्हणजे कूपे (दोन दारांची, पक्क्या टपाची) आणि सी म्हणजे २८९ घनइंची व्ही-८, दोन बॅरलचा कार्बोरेटर, २०० अश्वशक्ती. नाव मेटाचन असलं तरी तो कारखाना आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनमध्येच होता, रूट १ला लागून. २००४ साली तो बंद झाला. इथली मराठी माणसं रोज त्याच रस्त्याने जातात-येतात, आणि इथे मस्टँग बनायची हे फार थोड्यांना माहीत आहे. जिथे घडली त्याच गावात, माझ्या गॅरेजमध्ये ती पुन्हा उभी राहिली याचं मला मनापासून समाधान आहे.

सगळा हिवाळा काउलने, म्हणजे समोरच्या काचेखालच्या पत्र्याच्या पेटीने, खाल्ला. गाडी घेताना ‘फ्लोअर नवा आहे’ असं सांगितलं होतं, आणि तो खरोखर नवा होता. पण वायपरसमोरच्या जाळीत बादलीभर पाणी ओतलं, डॅशखाली टॉर्च लावून आडवा झालो, तर डावीकडे थेंब धरले. मग धार लागली. त्या जाळीखाली हवा आत घ्यायला दोन भोकं असतात आणि त्यांना पत्र्याची उभी गोल कडी (कॉलर) असते. पावसाचं पाणी कडीला वळसा घालून बाजूने खाली जायला हवं. पण आत पानं-माती साचते, ओल धरते आणि कडी बुडापासून गंजते. म्हणजे फ्लोअर बदलला, पण तो ज्याने कुजवला ते वरचं भोक तसंच राहिलं. वरचा पत्रा स्पॉट वेल्डने धरलेला असतो. एकेक वेल्ड ड्रिलने सोडवताना तीन कटर बोथट झाले. पत्रा उचलला तेव्हा डावी कडी बोटाने दाबताच चुरा होऊन हातात आली. नवी कडी वेल्ड केली, सांधे सीलरने भरले, पुन्हा बादली ओतली आणि वर्तमानपत्र अंथरून रात्रभर ठेवलं. सकाळी कागद कोरडा होता. त्या कोरड्या कागदाचा फोटो मी जाहिरातीत घातला आहे.

रंगाचं काम उशिरा पण चांगलं झालं. दारावरच्या कारखान्याच्या माहितीपट्टीवर रंगाचं अक्षर ‘एम’ आहे, म्हणजे विम्बल्डन व्हाइट. वरचा लाल रंग कुणीतरी नंतर मारलेला होता. मागच्या चाकाच्या कमानीवर लांबी (पुट्टी) इतकी थापलेली की चुंबक चिकटेना. ती खरवडून पत्र्याचा तुकडा बसवला.

आता ‘जीटी’बद्दल, म्हणजे फोर्डच्या खास स्पोर्टी पॅकेजबद्दल. आधीच्या कुणा मालकाने मडगार्डवर जीटीची अक्षरं आणि ग्रिलमध्ये फॉग लॅम्प लावले होते. दिसायला झकास, पण खोटं. १९६६ला जीटी पॅकेज फक्त चार बॅरलच्या २८९वर मिळायचं, म्हणजे नंबरात सीच्या जागी ए किंवा के (सगळ्यात ताकदीचं २८९) असायला हवा. सी-कोडची जीटी फोर्डने केलीच नाही. शिवाय खऱ्या जीटीला पुढे डिस्क ब्रेक येतात आणि एक्झॉस्टच्या हँगरसाठी मागच्या फ्रेम रेलवर कारखान्यातच जाड पट्ट्या वेल्ड केलेल्या असतात. माझ्या गाडीला चारही ड्रम आहेत आणि रेल सपाट आहेत. अक्षरं उतरवली, भोकं बुजवली. त्या वर्षी ६,०७,५६८ मस्टँग बनल्या आणि त्यांतल्या ४,९९,७५१ कूपे होत्या. त्यामुळे साध्या कूपेला दुर्मिळतेचा भाव नाही, हे मान्य. पण खोट्या बिल्ल्यावर भाव घ्यायचा नाही, हे माझं पक्कं आहे.

‘मॅचिंग नंबर्स’, म्हणजे इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो, हे शब्दही जाहिरातीत लिहिले नाहीत. त्या काळी फोर्ड गाडीचा नंबर फक्त के-कोडच्या इंजिनावर ठोकायचं. इतर २८९वर तो नसतोच, मग जुळवणार कशाशी? सांगता येते ती तारीख. दाराच्या पट्टीवर १६सी, म्हणजे १६ मार्च. ब्लॉकवर ओतकामाची तारीख ६बी२४, म्हणजे २४ फेब्रुवारी १९६६. तीन आठवड्यांचं अंतर अगदी पटण्यासारखं आहे. मी लिहिलं, ‘इंजिन गाडीच्या तारखेशी सुसंगत’. त्यापुढे एक अक्षर नाही. दाराची पट्टी नवी करून मिळते, म्हणून मडगार्डखालच्या एप्रनवर ठोकलेल्या नंबराचा फोटोही जोडला.

ब्रेकचं तेल दाबणारा मूळ मास्टर सिलिंडर एका कप्प्याचा होता. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक जातात. १९६७पासून मस्टँगला दोन कप्प्यांचा येऊ लागला, तोच मी बसवला. जुना साफ करून खोक्यात ठेवलाय, तो गाडीबरोबर जाईल. मूळपणाचा आग्रह मलाही आहे, पण ब्रेकच्या बाबतीत नाही.

शनिवारी पहिलं गिऱ्हाईक आलं, इथलंच एक तरुण मराठी जोडपं. मी मुद्दाम इंजिन गरम केलं नव्हतं. गार इंजिन कसं सुरू होतं ते घेणाऱ्याला दिसलंच पाहिजे. मुलाने आल्या आल्या बॉनेटवर तळवा ठेवून पाहिला, तेव्हाच कळलं की पोरगा अभ्यास करून आलाय. दोनदा पेडल मारलं, तिसऱ्या सेकंदाला इंजिनाने धरलं.

“काका, ही जीटी नाही ना?”

“नाही रे. जीटी आहे असं दाखवलं होतं कुणीतरी. ये, भोकं कुठे बुजवली तेही दाखवतो.”

त्याची बायको डिकीतली चटई उचलून बघत होती. तिने विचारलं, “काका, हा फ्लोअर आहे की टाकी?” या मस्टँगमध्ये पेट्रोलच्या टाकीचा वरचा भागच डिकीचा तळ असतो. तिला ते दाखवलं, आणि मागून धडक बसली तर त्याचा धोका काय तेही सांगितलं.

२३,५०० डॉलर सांगितले आहेत. ती दोघं येत्या शनिवारी स्वतःचा मेकॅनिक घेऊन येणार आहेत. लिफ्टवर गाडी चढवायची सोय मी करून ठेवली आहे. जमलं नाही तर जूनच्या सुरुवातीला फोर्डच्या मेळ्यासाठी कार्लाइलला, पेनसिल्व्हेनियात नेईन. त्याआधी डावीकडच्या व्हेंट विंडोचा (दाराच्या काचेपुढच्या छोट्या तिकोनी खिडकीचा) रबर बदलायचा आहे. परवा हायवेला ताशी पंचावन्न मैलांच्या वर शिट्टी वाजत होती.