कोथरूड ते तिकोना पेठ: एक मुक्काम, दोन सायकली आणि एक हरवलेला बोल्ट

पिरंगुटचा घाट उतरताना मागून खडखड यायला लागली. मला वाटलं, पातेल्यात चमचा वाजत असेल. तेवढ्यात भाचा ओरडला, "मावशी, थांब! कॅरिअर लोंबतंय तुझं!"

बाजूला घेऊन पाहिलं तर उजवीकडचा खालचा बोल्ट गायब. बारा किलोचं ओझं कॅरिअरच्या डाव्या पायावर तोललेलं आणि कॅरिअरची सळई स्पोकपासून जेमतेम बोटभर लांब. घाटात कंपन्यांचे ट्रक सारखे येत-जात होते, मागे जाऊन बोल्ट शोधायचा प्रश्नच नव्हता. पण कॅरिअरचा बोल्ट आणि पाण्याच्या बाटलीच्या स्टँडचा बोल्ट बहुतेक सायकलींवर एकाच जाडीचे असतात, एम ५, आणि दोघांना ४ नंबरची ॲलन की लागते. स्टँडचा एक बोल्ट काढून कॅरिअरला लावला आणि स्टँड उरलेल्या बोल्टवर झिप टायने आवळलं. दहा मिनिटांत मार्गी लागलो. चूक कुणाची म्हणाल तर माझीच. गुरुवारी रात्री गॅलरीत घाईघाईत कॅरिअर लावलं आणि नंतर एकदाही तपासलं नाही. आता प्रत्येक बोल्टच्या आट्यांवर नेलपॉलिशचा थेंब लावते. लॉकटाइट, म्हणजे आटे घट्ट धरणारा गोंद, मिळाला तर तोच लावा. आणि सामान लादल्यावर पहिल्या दहा किलोमीटरनंतर उतरून सगळे बोल्ट एकदा पिळून बघा.

डिसेंबरातला शनिवार होता. बेत साधाच: कोथरूडहून चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड, तिथून कोळवण, हाडशी, जवण करत तिकोना पेठ. जाताना पन्नासेक किलोमीटर. रात्री पवना धरणाच्या बाजूला तंबू आणि रविवारी कामशेतमार्गे घरी.

अशा एका रात्रीच्या भटकंतीसाठी नवी सायकल घ्यायची गरज नाही, हे मी आधीच सांगून टाकते. माझी हायब्रिड, म्हणजे रोडबाइक आणि एमटीबीच्या (डोंगरी सायकलच्या) मधली सायकल, दहा वर्षांची आहे. तिला पुढे सस्पेन्शन नाही, आणि डांबरी रस्त्यावर ते नसलेलंच बरं, कारण चढाला उभं राहून पायडल मारलं की काही जोर स्प्रिंग दाबण्यात जातो. भाच्याची मात्र नवीकोरी एमटीबी. पुढे सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, आणि मागच्या त्रिकोणात कॅरिअर लावायला एकही भोक नाही. दुकानात हे त्याला कुणी सांगितलं नाही आणि त्यानंही विचारलं नाही. शेवटी आठ किलोची सॅक पाठीवर घेऊन निघाला. कोळवणपर्यंत त्याचे खांदे भरून आले आणि हाडशीपर्यंत त्याची बडबड थांबली. ओझं माणसाच्या पाठीवर नको, सायकलच्या पाठीवर हवं.

म्हणून सायकल बघायला जाल तेव्हा आधी खाली वाका. मागच्या एक्सलजवळ कॅरिअरसाठी भोकं आहेत का? डिस्क ब्रेकचा कॅलिपर कॅरिअरच्या पायाच्या आड येतोय का? मग पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला लटकवायच्या पिशव्या, अडकवून पायडल फिरवून बघा. पायडलपासून मागच्या चाकापर्यंतची दांडी आखूड असेल तर टाच दर फेरीला पिशवीवर आपटते, आणि हे घरी कळलेलं परवडतं. शक्य असेल तर स्टीलची फ्रेम घ्या, नसेल तर ॲल्युमिनियमनं काही बिघडत नाही. मागच्या चाकाचा आऊट, म्हणजे डगमग, काढून घेण्याआधी त्यावर ओझं लादू नका, स्पोक तुटतात ते बहुतेक मागचेच.

पैसे खर्च करायचेच असतील तर गिअरवर करा. माझं फ्रीव्हील, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चकत्यांचा संच, १४–२८ दातांचं होतं आणि पुढची सगळ्यात लहान चकती २८ची. म्हणजे पायडलची एक फेरी, चाकाची एक फेरी. रिकाम्या सायकलला पुरेसं, पण लादलेल्या सायकलवर जवणच्या चढाला गुडघे बोलायला लागतात. १४–३४चं फ्रीव्हील बसवून घेतलं. आता पायडलच्या एका फेरीला चाक पाऊण फेरीपेक्षा जरा जास्त फिरतं, आणि मी माणसाच्या चालीनं का होईना, पण न उतरता चढते. मेकॅनिकला एवढं विचारा की आपल्या डिरेलरला (चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागाला) ३४ झेपतात का आणि चेन लांब करावी लागेल का.

टायर ७०० बाय ३८चे, हवा ५० पीएसआयच्या आसपास. मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त, कारण सामान तिथे असतं. व्हॉल्व्ह बारीक, म्हणजे प्रेस्टा असेल तर पितळी अडॅप्टर खिशात ठेवाच. गावातल्या पंक्चरवाल्याच्या नळीला तो व्हॉल्व्ह चालत नाही.

जवण ओलांडलं आणि तिकोना समोर उभा राहिला. नावाप्रमाणे तीन कोनांचा, पलीकडे तुंग आणि मध्ये पवनेचं पाणी. भाचा सॅक टाकून रस्त्याकडेच्या कठड्यावर आडवाच झाला.

मुक्कामाची जागा मी कधी अंधारात शोधत नाही, विशेषतः बाई म्हणून. चार वाजताच एका घरापुढे थांबलो. अंगणात आजी ज्वारी पाखडत होत्या. "आजी, खालच्या शेतात एक रात्र तंबू टाकू का?" त्यांनी सायकलींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "सायकलीवर आलात? पुण्यातनं?" आणि आत बघून, "अगं, चहा टाक गं." न्हाणीघर वापरायला मिळालं, पाणी भरून मिळालं. सकाळी पैसे घेईनात, मग नातवाच्या हातात ठेवले. काठावरच्या तयार तंबूंत राहायचं असेल तर तसेही पुष्कळ आहेत, पण शनिवारी तिथे रात्रभर गाणी चालतात.

स्वयंपाक एका पातेल्यात. रवा घरीच फोडणीत भाजून डब्यात नेला होता. छोट्या गॅसवर पाणी उकळायचं, रवा ओतायचा, झाकण. शेकोटी केली नाही. डिसेंबरातलं गवत एका ठिणगीनं पेटतं आणि वणवा डोंगर चढून जातो.

रात्री एक चूक केली. थंडी म्हणून तंबूची सगळी तोंडं बंद केली. पहाटे आतून पाणी टपकत होतं, आपल्याच श्वासाचं. वरची खिडकी उघडीच ठेवायची असते. अंगाखाली मॅट चांगली हवी, गार लागतं ते जमिनीकडून.

परतताना पवनानगर, कामशेत आणि पुढे जुना मुंबई–पुणे हायवे. द्रुतगती मार्गावर सायकल चालत नाही, नकाशा तिकडे न्यायला लागला तर ऐकू नका. हायवेला दिवसाही मागचा लाल दिवा लावा. लवकर निघालात तर देहूरोडनंतरची गर्दी त्यातल्या त्यात सुसह्य असते.

कामशेतला एक हार्डवेअरचं दुकान उघडं दिसलं. एम ५चे स्टीलचे बोल्ट मागितले. त्यांनी मूठभर काउंटरवर ओतले आणि म्हणाले, "किती किलो देऊ?" चार घेतले. एक बाटलीच्या स्टँडला लावला, एक हत्यारांच्या पिशवीत टाकला, दोन भाच्याला दिले.

"मावशी, माझ्या सायकलला भोकंच नाहीत."

"असू दे. ठेव."