आमची वाटचाल : हेल्मेट नाही, तर केज नाही

गाडी रोज रस्त्यावर चालवायची असेल आणि डोक्यावर हेल्मेट नसेल, तर फुल रोल केज, म्हणजे गाडी उलटली तरी माणूस वाचावा म्हणून आत बसवायचा पोलादी पाइपांचा पिंजरा, आमच्या वर्कशॉपमध्ये बसवून मिळत नाही. ही ओळ आमच्या कोटेशनच्या कागदावर छापलेली आहे. ती तिथे कशी आली, हे सांगितलं की आमच्या फर्मची निम्मी हकिगत सांगून होते.

सुरुवात तिघांनी केली. मी, माझा भागीदार आणि वेल्डर मामा. वेल्डिंगला लागलेला प्रत्येक पोरगा त्यांना मामाच म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणतो. पाइप वाकवायचा जुना हायड्रॉलिक बेंडर घेतला, पण त्याचे साचे, म्हणजे 45 आणि 38 मिलिमीटरच्या डाय, नव्या करून घेतल्या. त्यात पैसा वाचवायचा नाही, हे मामांचं म्हणणं. एफआयए या मोटर रेसिंगच्या जागतिक संघटनेच्या नियमांतलं, अपेंडिक्स जे मधलं 253 वं कलम या धंद्यातल्या सगळ्यांना पाठ असतं : मेन हूप, म्हणजे सीटमागची मोठी कमान, 45 बाय 2.5 किंवा 50 बाय 2, बाकीचे पाइप 38 बाय 2.5 किंवा 40 बाय 2 (व्यास बाय जाडी, मिलिमीटरमध्ये), कोल्ड ड्रॉन सीमलेस, म्हणजे बिनशिवणीचे. बेंडचा सेंटरलाइन रेडियस व्यासाच्या तिपटीहून कमी नको. 45 च्या पाइपला म्हणजे 135 मिलिमीटर. बेंडमध्ये पाइप चपटा झाला, तर लहान व्यास मोठ्याच्या 0.9 पटीखाली उतरता कामा नये. आमच्याकडे प्रत्येक बेंडवर व्हर्नियर लागतो आणि मापात न बसलेला पाइप भंगारात जातो. गोडाऊनच्या कोपऱ्यातला तो भंगाराचा ढीग मी येणाऱ्या गिऱ्हाइकाला मुद्दाम दाखवतो.

मामांचं खरं कसब छताखालच्या जोडांमध्ये. केज छताला भिडून बसवायचा म्हटलं की जोडाच्या वरच्या अंगाला वेल्डिंगचा टॉर्च पोचत नाही. तिथला जोड अर्धा सोडून वर पॅडिंग चढवणारे पुष्कळ आहेत. मामा फ्लोअरला पायांच्या जागी भोकं पाडतात, टॅक मारलेला, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांनी तात्पुरता जोडलेला अख्खा केज त्या भोकांतून खाली सोडतात, वरचे जोड गोल फिरून पूर्ण करतात, मग केज उचलून पायांखाली प्लेटचे बॉक्स बसवतात. वेळ दुप्पट लागतो. पण कुठल्याही तपासनिसाने आरसा घालून बघावं, जोड अखंड दिसेल.

रॅलीच्या आणि ट्रॅकच्या गाड्यांवर पुढची काही वर्षं चांगली गेली.

मग टर्बो हॅचबॅकवाले यायला लागले. गाडी ऑफिसला न्यायची, बायको-मुलांना घेऊन फिरायचं, महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ट्रॅकवर जायचं, आणि त्यासाठी फुल केज हवा. बॉडी कडक होते, कॉर्नरिंग सुधारतं, उलटली तर छत तगतं. यातलं काहीच खोटं नाही. गाडीच्या पिलरला, म्हणजे छत पेलणाऱ्या खांबांना वेल्ड केलेल्या केजने शेलचा पीळ कमी होतो, हे स्टीअरिंगवर हात ठेवणाऱ्याला पहिल्याच वळणावर कळतं. भागीदार म्हणाला, "गिऱ्हाईक मागतंय ना? मग नाही म्हणणारे आपण कोण?"

माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं. केज हा एकटा भाग नाही. बकेट सीट, सहा पट्ट्यांचा हार्नेस, हेल्मेट आणि मानेला झटका बसू न देणारा हान्स यांच्या जोडीने तो काम करतो. यातलं हेल्मेट काढा, की ड्रायव्हरच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर एक पोलादी पाइप उरतो. कंपनीच्या साध्या थ्री-पॉइंट बेल्टमध्ये धक्क्याला माणूस पुढे जातो, आडव्या धडकेत खिडकीकडे झुकतो. बेल्ट थोडा ताणला जावा अशीच त्याची रचना असते. कंपनीने ए-पिलरचं, म्हणजे पुढच्या काचेशेजारच्या खांबाचं आतलं प्लॅस्टिक, छताची कड, पडद्यासारखी खाली येणारी एअरबॅग, सगळं त्या झुकणाऱ्या डोक्याचा हिशोब करून बसवलेलं असतं. आपला पाइप नेमका त्या एअरबॅगच्या वाटेत येतो. पॅडिंग लावू म्हणतात. पण एफआयएचं 8857-2001 चं टाइप ए पॅडिंग जिथे हेल्मेट आपटू शकतं त्या जागेसाठी सांगितलेलं आहे. उघड्या कवटीला ते कडकच लागतं.

भागीदाराला हे पटत होतं, पण धंदा जाताना बघवत नव्हता. एका शनिवारी तो वेगळा झाला. जाताना आमचे कार्डबोर्डचे सगळे टेम्प्लेट घेऊन गेला. मेन हूपचे, डोअर बारचे, पायांच्या प्लेटचे. ते मी आणि मामांनी एकेक गाडी उघडून कापलेले होते. एका मॉडेलचा टेम्प्लेट नीट जमायला किती वेळा कापावा लागतो, हे ज्याने केलंय त्यालाच माहीत. हे मी विसरलेलो नाही आणि विसरणारही नाही.

त्याचं दुकान धडाक्यात चाललं. रंगीत केज, आठवड्यात डिलिव्हरी, आमच्याहून खूप कमी भाव. भाव कुठून कमी होतो हे मामांनी एका गाडीत हात घालून सांगितलं. पाइपच्या उघड्या टोकातून त्यांनी बोट फिरवलं आणि माझं बोट त्याच जागी नेलं. आत लांबलचक शिवण लागत होती. म्हणजे पत्रा वळवून कडा वेल्ड केलेला ईआरडब्ल्यू पाइप, सीमलेस नव्हे. मेन हूपच्या पायांखाली तर त्याहून वाईट. नियम सांगतो की मेन हूपच्या प्रत्येक पायाशी किमान 3 मिलिमीटर जाडीची, किमान 120 चौरस सेंटिमीटरची प्लेट हवी आणि 8.8 ग्रेडचे किमान तीन एम-8 बोल्ट हवेत. तिथे साध्या वॉशरवर दोन बोल्ट होते. गाडी उलटली असती तर पाय पत्रा फाडून खाली उतरले असते.

हे मी लोकांना सांगायला गेलो, तर लोक म्हणाले, जळतोय. रस्त्याच्या गाड्यांची चौकशी बंद झाली. त्याच हंगामात एका रॅली टीमने आमच्याकडून केज नेले आणि पैसे थकवले. बेंडरच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाचे हप्ते मागे पडले. दोन पोरांना मी स्वतः दुसरीकडे लावून दिलं. मामांनी पगार मागितला नाही. उलट वेल्डिंगच्या जुन्या टिग मशीनचे केबल स्वतःच्या खिशातून बदलले. शटर ओढायचं का, एवढाच प्रश्न उरला होता.

त्यातून बाहेर काढलं ते एका डॉक्टरांनी. ते पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनाही रोजच्या गाडीला फुल केजच हवा होता. मी त्यांना त्यांच्याच सीटवर बसवलं, बेल्ट लावला, 38 चा एक तुकडा ए-पिलरला चिकटपट्टीने बांधला आणि त्यांचं डोकं हाताने हळूच पुढे आणि बाजूला नेलं. कपाळ पाइपला टेकलं. बेल्ट अजून ढिला व्हायचा बाकी होता. ते काही वेळ तसेच बसून राहिले, मग म्हणाले, "हे मी रोज पेशंटमध्ये बघतो, स्वतःच्या गाडीत कसं सुचलं नाही!" गाडी तशीच घेऊन गेले. आमच्या पडत्या काळात तेच परत आले. फक्त ट्रॅकसाठी जुनी गाडी घेतली होती, ट्रेलरवर घालून न्यायची. फुल केजची सगळी रक्कम त्यांनी आधीच हातात ठेवली आणि त्यांच्या गटातल्या मित्रांनाही धाडलं. तिथून गाडा रुळावर आला. त्या केजचे फोटो आजही आमच्या भिंतीवर आहेत.

आणि मग एक काम वाढलं, ज्याची आम्ही कधी जाहिरात केली नाही : रस्त्याच्या गाड्यांतले केज कापून काढणं. खडखडाट होतो, दारातून उतरता येत नाही, मागे कुणी बसू शकत नाही, गाडी विकायला काढली की घेणारा पळतो. बरेचसे केज आमच्याच टेम्प्लेटवर बनलेले असतात, आकार बघितल्याबरोबर ओळखतो.

सीटमागच्या हाफ केजबद्दल विचारणा होते, तर तेही सांगून टाकतो. पोर्शे 911 जीटी3 ला क्लबस्पोर्ट पॅकेजमध्ये कारखान्यातून केज मिळतो, असं सगळे तोंडावर फेकतात. मिळतो, पण तो सीटच्या मागे असतो आणि त्या गाडीत मागे माणूस बसत नाही. तसा हाफ केज आम्हीही करतो. पण मागची सीट काढायची, ती परत बसवायची नाही. पुढची सीट फिक्स्ड बॅक बकेट हवी, कारण मागून धडक बसली की साध्या सीटची पाठ मागे झुकते आणि डोकं सरळ मेन हूपवर जातं. आणखी एक, कुणी न विचारताही सांगतो : केज नसताना नुसता चार पट्ट्यांचा हार्नेस लावून रस्त्यावर फिरू नका. छत खाली आलं तर थ्री-पॉइंट बेल्टमधला माणूस बाजूला झुकू शकतो, हार्नेसमधला ताठ बसून राहतो. दोन पायांमधून जाणारी पट्टी नसेल तर कमरेचा पट्टा हाडावरून सरकून पोटावर चढतो, ते वेगळंच. कंपनीचा बेल्ट, चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड आणि ताजं ब्रेक फ्लुइड, यावर आधी पैसे घाला.

गेल्याच आठवड्यात एक गृहस्थ आले. सेडानला हाफ केज हवा, मागची सीट ठेवायची, कारण तिच्यावर मुलीची चाइल्ड सीट असते. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, पलीकडे करून देतात. पलीकडे म्हणजे कुठे, हे मला विचारावं लागलं नाही. मी त्यांना एवढंच सांगितलं की मुलीला सीटवर बसवून गाडी इथे आणा. मामा मेन हूपच्या जागी पाइप धरतील, मोजायची टेप तुम्ही लावा. मापाचे पैसे आम्ही घेत नाही. रविवारी येतो म्हणाले आहेत.