वर्षाला सुटतात किती?

रात्रीचे साडेअकरा.

दुपारी मैत्रिणीचा फोन होता. नोकरी सोडून फ्रीलान्सिंग करायचं तिच्या मनात घोळतंय. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिनं हळूच विचारलं, "अगं, खरं सांग, वर्षाला सुटतात किती?" मी नेहमीचं गणित फेकलं: तासाचा दर, गुणिले ४० तास, गुणिले ५२ आठवडे. २०८० तासांचे पैसे! ती "बापरे" म्हणाली, मला अंमळ बरं वाटलं. फोन ठेवल्यावर मात्र चैन पडेना. तेवढे पैसे मी जन्मात पाहिलेले नाहीत, आणि ही बाई त्या आकड्यावर राजीनामा द्यायची.

म्हणून आत्ता तासांची वही आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन बसलेय.

आधी दिवस. ३६५ मधून शनिवार-रविवारचे १०४ गेले, उरले २६१. सुट्ट्या, आजारपण, घरची कामं यांत गेल्या वर्षी ३६ दिवस गेले. नोकरीत यातल्या बऱ्याच दिवसांचा पगार मिळतो, मला एकाही दिवसाचा नाही. राहिले २२५ दिवस, म्हणजे रोजचे आठ धरून १८०० तास. तेवढे तास मी खुर्चीत बसले होते, यात खोटं काही नाही. पण बिलात लागलेले तास किती? १०३५. मी दोनदा बेरीज केली. उरलेल्या ७६५ तासांत काय केलं? न मिळालेल्या कामांसाठी दरपत्रकं आणि नमुने पाठवले, बिलं बनवली, त्या बिलांच्या पैशांसाठी आठवणी पाठवल्या, नवं सॉफ्टवेअर शिकले. आणि त्या दुरुस्त्या! "जरा एवढंच बदलून द्या" या वाक्यानं माझे किती तास खाल्ले ते लिहून ठेवायलाही लाज वाटतेय. (पुढच्या वर्षी तिसऱ्या दुरुस्तीपासून पैसे. हे मी गेल्या वर्षीही लिहिलं होतं.)

म्हणजे मैत्रिणीला सांगितलेल्यातले निम्मे पैसे बिलापर्यंतही पोचले नाहीत.

आता बिलं. वर्षभरात लावलेल्या बिलांची रक्कम १०० धरते, म्हणजे डोकं शांत राहील. चार बुडाले, तीन बँक आणि प्लॅटफॉर्मच्या कमिशनमध्ये गेले: ९३. मग खर्च. इंटरनेट, सॉफ्टवेअरची वर्गणी, हिशेबनिसाची फी, कॉम्प्युटर. कॉम्प्युटर मी आजवर ज्या वर्षी घेतला त्याच वर्षाच्या माथी मारायचे, मग ते वर्ष भिकार वाटायचं आणि पुढची तीन वर्षं उगाच श्रीमंत. या वेळी किमतीचे चार भाग करून एकच धरला. सगळे मिळून १५. राहिले ७८. कराची टक्केवारी लावायची ती यावर, आधीच्या १०० वर नाही. इथे मी पूर्वी स्वतःलाच जास्त घाबरवून घेत असे. माझा कर ढोबळ मानानं पाचवा हिस्सा बसतो, तो गेल्यावर साधारण ६२.

इथेच थांबायचा मोह होता. पण नोकरीत म्हातारपणासाठी आणि आरोग्य विम्यासाठी काही भाग कंपनी भरते. माझ्यासाठी कोण भरणार? त्याचे १० बाजूला काढले.

५२.

बिलापर्यंत पोचायच्या आधीच निम्मे उडाले होते, बिलात लागलेल्यांतलेही जवळजवळ निम्मे उडाले. म्हणजे दुपारी मी जे सांगितलं त्याचा जेमतेम चौथा हिस्सा माझ्या हातात पडतो. मनातले मांडे खावेत तर असे!

मग एक नको ते केलं. माझ्या बिलांतले ४१ टक्के एकाच ग्राहकाचे आहेत. तो उद्या गेला तर? १०० चे झाले ५९. बुडीत आणि कमिशन जाऊन ५५. पण इंटरनेटवाला माझा ग्राहक गेला म्हणून बिल कमी करणार नाही, खर्चाचे १५ तसेच. उरले ४०. कर त्याच हिशेबानं धरला तर ३२, आणि म्हातारपण-विम्याचे १० काढून २२. काम ४१ टक्क्यांनी घटलं, हातात पडणारे पैसे मात्र निम्म्याहूनही जास्त घटले. हे आकडे कागदावर येईपर्यंत मला वाटायचं की काम जितकं कमी तितकेच पैसे कमी.

सरासरी काढून बाराने भागायचाही विचार होता, पण स्टेटमेंट बघून सोडून दिला. "सरासरी" म्हणावा असा महिना मला गेल्या वर्षात एकही दिसला नाही. दोन महिने दणदणीत, तीन जवळजवळ कोरडे. डिसेंबरात लावलेल्या दोन बिलांचे पैसे फेब्रुवारीत आले. ते मी दोन्ही वर्षांत मोजून बसले होते, आत्ता खोडले.

मैत्रिणीला निरोप लिहिलाय: "दुपारचा आकडा विसर. त्याचा चौथा हिस्सा धर, आणि पगाराशी ताडून बघताना भरपगारी रजा विसरू नकोस. वर्षभराचा खर्च साठलाय का ते आधी सांग." पाठवला. लगेच वाचला तिनं. अजून उत्तर नाही.

उद्या सकाळी पहिलं काम: त्या जुन्या बिलाची चौथी आठवण.